रिपोर्ट लाल, डोळा ठणठणीत!

कंपनीचा वार्षिक हेल्थ चेकअप म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उपाशीपोटी रक्त द्यायचं, कुपनावरचे गार पोहे खायचे, ट्रेडमिलवर धापा टाकायच्या आणि ‘कोलेस्टेरॉल थोडं बॉर्डरवर आहे हं’ हे ऐकून त्याच संध्याकाळी कॉलेज रोडला पाणीपुरी हाणायची. या वेळी मात्र पॅकेजमध्ये एक नवा आयटम होता. ‘रेटिना स्कॅन, फ्री’. फ्री म्हटल्यावर अंबडच्या आमच्या अख्ख्या ऑफिसने रांग लावली. मीही लावली.

हनुवटी इथे, कपाळ टेकवा, समोरच्या हिरव्या खुणेकडे बघा, पापणी लववू नका. दोन सेकंद उजवा डोळा, दोन सेकंद डावा. संपलं. सेल्फी काढायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पाच मिनिटांत हातात चकचकीत रंगीत कागद. त्यावर पिझ्झासारखी कापलेली वर्तुळं, काही तुकडे हिरवे, काही पिवळे आणि डाव्या डोळ्याच्या वर्तुळात दोन तुकडे लालभडक. खाली टाइप केलेली एकच ओळ : ‘संशयित काचबिंदू. नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’

वय वर्षं तेहतीस. खाली पार्किंगमध्ये आलो आणि बाईकवर नुसता बसून राहिलो. हेल्मेट घातलं, काढलं, परत घातलं. कारण हा शब्द आमच्या घरात पाहुणा नाही. तो गेली काही वर्षं आमच्याकडे मुक्कामाला आहे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या डोळ्यात.

आता आधी एक गोंधळ मिटवू या. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे भाऊ भाऊ नाहीत, फक्त आडनाव सारखं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, ते बदललं की पेशंट दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागतो. काचबिंदूत मार बसतो तो डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, ऑप्टिक नर्व्हला. या नसेत दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून मरतात, दुखत नाही, खुपत नाही, आणि जे गेलं ते कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. औषधं, लेसर, ऑपरेशन, सगळं असतं ते उरलेलं वाचवण्यासाठी. नजर कडेकडून खायला सुरुवात होते, मधली नजर शेवटपर्यंत टिकते. म्हणून माणूस टीव्ही बघतो, मोबाइल बघतो, आणि दाराच्या चौकटीवर आपटतो. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये तर सापडलेल्या रुग्णांपैकी दहातल्या नऊ जणांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नव्हता.

अण्णाही त्या नऊंतलेच. पण त्यांची गोष्ट पुढे.

तीन दिवस मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. रात्री दोन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसलो. एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गंगापूर रोडवरून गाडी चालवताना कडेची झाडं पुसट दिसतायत का, याचा अभ्यास केला. (दिसत होती. वेग साठचा होता.) बायकोला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी एका काचबिंदूतज्ज्ञ मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली.

मॅडमनी कागद हातात घेतला आणि मला वाटलं होतं तसं लाल तुकड्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, “चष्म्याचा नंबर किती?”

“मायनस साडेसहा. दोन्ही.”

“हं. आणि हा कोपऱ्यातला आकडा कुणी बघितला का?” कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : सिग्नल ५/१०. मी तो आकडा पाहिलाच नव्हता. लाल रंग समोर असताना कोपऱ्यात कोण बघतं!

पुढचा पाऊण तास मला जे कळलं ते प्रत्येक चष्मेवाल्या ऑफिसवाल्याला कळायला हवं, म्हणून हा लेखनप्रपंच.

या यंत्राचं नाव ओसीटी, ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी करतात, ही प्रकाशाच्या. डोळ्यात किरण सोडायचा, वेगवेगळ्या थरांवरून तो परत कसा येतो ते मोजायचं आणि पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, आडवा छेद काढायचा. न कापता! अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोटो यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड ह्वांग नावाचा विद्यार्थी आणि एरिक स्वॉन्सन हा इंजिनीअर यांनी मंडळी जमवून हे तंत्र उभं केलं. १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये पेपर आला, १९९६ मध्ये बाजारात पहिलं यंत्र आलं, आणि २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. सुरुवातीची यंत्रं सेकंदाला काहीशे रेघा वाचायची. २००६च्या आसपास आलेल्या पिढीने तो वेग पंचवीस हजारांच्या पुढे नेला. त्यामुळेच तर माझं स्कॅन दोन सेकंदांत उरकलं.

काचबिंदूसाठी हे यंत्र मोजतं ती त्या तंतूंच्या थराची जाडी. निरोगी डोळ्यात नसेभोवती ती सरासरी ९०-१०० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे डोक्यात बसेना, तेव्हा मला घरचंच उदाहरण सुचलं. अण्णांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये गेली. एक कोरी करकरीत नोट बोटांत धरा. तिची जाडी साधारण एवढीच, मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे तुमची अख्खी नजर एका नोटेच्या जाडीएवढ्या थरातून मेंदूकडे जाते, आणि यंत्राने सांगायचं असतं की त्या नोटेतला किती भाग झिजला.

सांगतंही बेट्याचं. अगदी मायक्रॉनपर्यंत. प्रश्न असा की त्या आकड्यावर किती विसंबायचं?

हा प्रश्न काही माझा एकट्याचा नाही. २००५ साली मायामीच्या बॅस्कम पामर आय इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड ब्युडेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या स्ट्रॅटस यंत्राखाली निरोगी आणि काचबिंदू झालेले असे दोन्ही प्रकारचे डोळे पुन्हा पुन्हा मोजले. तोच डोळा, तेच यंत्र, परत परत. निष्कर्ष यंत्राच्या बाजूचा निघाला. दोन्ही प्रकारच्या डोळ्यांत आकडे चांगले जुळले, नाकाकडच्या भागात मात्र जास्त हलले. नंतरच्या यंत्रांत ही हलाहल आणखी कमी झाली. आज सिरससारख्या यंत्रावर दोन तपासण्यांमध्ये सरासरी जाडी चार मायक्रॉनपर्यंत इकडे-तिकडे झाली तर डॉक्टर तिला बदल मानत नाहीत. छोट्या तुकड्यांच्या बाबतीत, म्हणजे त्या पिझ्झाच्या स्लाइसेसच्या, हा हलता आकडा बराच मोठा असतो. गंमत बघा : सगळ्यात भरवशाचा आकडा म्हणजे सरासरी, आणि काचबिंदू सुरू होतो तो बहुतेक वेळा एखाद्या स्लाइसमध्ये, खालच्या नाहीतर वरच्या बाजूला.

चार मायक्रॉन म्हणजे काय? वयाप्रमाणे कुणाचाही थर वर्षाला साधारण अर्धा मायक्रॉन झिजतोच. म्हणजे यंत्राच्या नुसत्या हलण्यात सात-आठ वर्षांचं म्हातारपण लपून जातं. म्हणून एका वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन कागदांवर ८६ आणि ८३ असे आकडे आले तर रडायचं नाही, आणि ८३चे ८६ झाले तर पेढेही वाटायचे नाहीत. (होतात हं असे वाढलेले. तंतू उगवलेले नसतात, यंत्र हललेलं असतं.) चार-पाच चांगले स्कॅन हातात आले की मगच रेघ खाली चाललीय का ते दिसायला लागतं.

पण मग माझा लाल रंग? तो कुठून आला?

“यंत्राने तुमची तुलना कुणाशी केली माहितेय?” मॅडमनी विचारलं.

इथे खरी मजा आहे. यंत्र जाडी मोजतं, पण रंग मोजत नाही. रंग तुलनेतून येतो. यंत्राच्या पोटात निरोगी माणसांची एक यादी असते. तुमच्या वयाच्या शंभर निरोगी माणसांत तुमचा आकडा तळातल्या एकात आला तर लाल, तळातल्या पाचात आला तर पिवळा, बाकी हिरवा. नीट वाचा : तळातला एक माणूससुद्धा निरोगीच असतो! म्हणजे ठणठणीत डोळे असलेल्या शंभरातल्या एकाला हे यंत्र एका आकड्यापुरतं लाल ठरवणारच, त्याचा नियमच तसा आहे. आणि एका कागदावर असे आकडे डझनांनी असतात.

आणि ती यादी केवढी? सिरस यंत्राच्या मूळ यादीत २८४ माणसं होती. त्यात ४३ टक्के गोरी, २४ टक्के आशियाई, १८ टक्के आफ्रिकन-अमेरिकन, १२ टक्के हिस्पॅनिक आणि भारतीय... १ टक्का. करा हिशेब. तीन माणसं! रिक्षात मावतील एवढी. जगभर ज्या कागदावरच्या रंगांनी लोकांच्या पोटात गोळा आला, त्याच्या मागे आपले देशबांधव म्हणून रिक्षाभर माणसं.

त्यातून माझा नंबर. मायनसवाल्यांचा डोळा मागे-पुढे लांब असतो. यंत्र नसेभोवती ३.४६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखतं आणि त्या वर्तुळावरची जाडी मोजतं, पण हे माप साधारण लांबीचा डोळा धरून ठरवलेलं. लांब डोळ्यात तेच वर्तुळ प्रत्यक्षात मोठं पडतं, नसेपासून दूर पडतं, आणि नसेपासून जेवढं दूर जावं तेवढा थर मुळातच पातळ. शिवाय लांब डोळ्यात तंतूंचे वरचे-खालचे जाड गठ्ठे मध्याकडे सरकलेले असतात. यंत्र ठरलेल्या जागी उंचवटा शोधतं, तो तिथे नसतो, शेजारी असतो. झालं, लाल! डॉक्टर मंडळींनी याला नावच दिलंय, ‘रेड डिसीज’. म्हणजे असा आजार, जो पेशंटला नाही, कागदाला झालाय.

राहिला तो सिग्नल. सहाच्या खालचा स्कॅन त्या यंत्रावर धरायचाच नसतो. सिग्नल मंद असला की थराच्या कडा धूसर होतात आणि जाडी कमी भरते. माझा मंद का होता? कारण मी आणि तुम्ही. दिवसभर एसीत स्क्रीनला डोळे लावून बसायचं, पापणी लववायची विसरायची, बुबुळ कोरडं. कोरड्या बुबुळातून प्रकाश नीट जात नाही, गाडीच्या धुळकट काचेतून दिसावं तसं. मॅडमच्या टेक्निशियनने आधी डोळ्यात थेंब टाकले, पाच मिनिटं बसवलं, “आता दोनदा पापण्या मिटा, उघडा, आणि थांबा” असं म्हणत तीन स्कॅन घेतले. एकात मी नेमकी पापणी लववली, तो त्यांनी लगेच बाद केला. सिग्नल ८. डाव्या डोळ्याची सरासरी आधीच्या कागदावर ७९ होती, आता ८४. चार दिवसांत पाच मायक्रॉनची कमाई, तीही फुकट! लालमधला एक तुकडा हिरवा झाला, एक पिवळ्यावर थांबला.

मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. नस प्रत्यक्ष भिंगातून बघितली. मध्यभागातल्या पेशींचा वेगळा स्कॅन बघितला. बुबुळाशी आरशाचं भिंग टेकवून पाणी निघून जाण्याचा कोन बघितला. डोळ्याचा दाब मोजला आणि लगेच बुबुळाची जाडीही. कारण दाब मोजणारं यंत्रसुद्धा बुबुळ ठराविक जाडीचं आहे असं गृहीत धरून चालतं. बुबुळ पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आता हे ऐका. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीच्या योस्ट योनास यांनी २००६ पासून विदर्भातल्या खेड्यांमध्ये तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ म्हणून तो ओळखला जातो. त्यात बुबुळाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. पाश्चात्त्य पुस्तकांत साधारण ५४०च्या आसपासचा आकडा धरतात. म्हणजे आपल्याच राज्यातल्या माणसाला ‘दाब नॉर्मल’ असं सांगताना तो आकडा एकदा तपासून घ्यायला हवा. ही माहिती कुठल्या परदेशी यादीतून नाही मिळाली. कुणीतरी गावात जाऊन माणसं मोजली, म्हणून मिळाली.

मग फील्ड टेस्ट. अंधाऱ्या वाटीत डोकं घालायचं, मध्ये बघत राहायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. गेमिंगवाल्यांना वाटेल आपला हातखंडा. मी पहिल्या फेरीत सपशेल नापास! ठिपका शोधायला डोळे इकडे-तिकडे पळवले. यंत्राने ते पकडलं आणि टेस्ट ‘भरवशाची नाही’ असा शेरा दिला. पुढच्या आठवड्यात परत केली, तेव्हा फील्ड स्वच्छ.

निकाल : आज काचबिंदू नाही. मात्र वडिलांना आहे आणि नंबर मोठा, म्हणून फाइल बंद नाही. वर्षाने परत, आणि शक्यतो याच यंत्रावर. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकावरचे ८४ आणि दुसऱ्यावरचे ९० हा एकच डोळा असू शकतो.

बाहेर येऊन मी बायकोला फोन केला. चार दिवस लपवल्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं. आणि मग संध्याकाळी नाशिकरोडला घरी गेलो, कारण मॅडम निघताना म्हणाल्या होत्या, “वडिलांचे जुने कागद असतील तर घेऊन या. मला बघायचेत.”

अण्णा २०१४ मध्ये रिटायर झाले, तेव्हा चष्मा बदलायला गेले होते. तिथे त्यांचं असंच स्कॅन झालं होतं. सगळं हिरवं. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “काका, एकदम मस्त.” अण्णांनी तो कागद लॅमिनेट करून ठेवला. नोटप्रेसचा माणूस, कागद जपायची सवय. आई कधी म्हणाली की “अहो, एकदा डोळे दाखवून या,” की ते कपाटातून तो कागद काढून दाखवायचे. २०२१ मध्ये द्वारका सर्कलला डावीकडून आलेली स्कूटर त्यांना दिसली नाही. थोडं खरचटलं, पण तेव्हा तपासणी झाली आणि कळलं की डाव्या डोळ्याची अर्धी नजर केव्हाच गेलीय.

मॅडमनी तो लॅमिनेट केलेला कागद खिडकीजवळ नेऊन बघितला. सरासरी जाडी उजव्या डोळ्यात ९८, डाव्यात ८६. दोन्ही हिरव्या पट्ट्यात. पण एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत बारा मायक्रॉनचा फरक! नऊच्या पुढे फरक गेला की संशय घ्यावा, असं या यंत्रावर मानतात. शिवाय डाव्या वर्तुळात खाली, बाहेरच्या बाजूला एक बारीक पिवळी फाक. अण्णांचा थर तरुणपणी शंभराच्या वर असणार. तो घसरत घसरत ८६वर आला तरी यादीतल्या इतरांच्या मानाने ‘नॉर्मल’च. यंत्र दुसऱ्यांशी तुलना करतं, तुमच्या कालच्या स्वतःशी नाही, तोवर हे असंच होणार. यालाही नाव आहे, ‘ग्रीन डिसीज’. आणि हा लालपेक्षा घातक. लाल बघून माणूस डॉक्टरकडे पळतो. हिरवं बघून लॅमिनेट करतो.

त्या काउंटरवरच्या मुलावर चिडायचं का? मी चिडलो होतो. पण त्याने कागदावर होतं तेच वाचून दाखवलं. नस भिंगातून कुणी बघितलीच नाही, हा खरा घोळ. आणि आता तर रंग वाचायलासुद्धा माणूस लागेनासा झालाय. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मधुमेहींच्या पडद्याचे फोटो स्मार्टफोनवरच्या कॅमेऱ्याने काढून फोनमधल्याच एआयकडून तपासून घेण्याचा प्रयोग झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते चांगले होते. मधुमेहात ते जमतं, कारण रक्ताचा ठिपका असतो किंवा नसतो. काचबिंदूचं तसं नाही. सुरुवातीच्या नसेचा एकच फोटो दोन तज्ज्ञांपुढे ठेवला तर दोन मतं येऊ शकतात. मग यंत्राला शिकवणार कोण, आणि कुणाचं मत?

सध्या अण्णांच्या डाव्या डोळ्याची सरासरी ५८ आहे. पन्नास-पंचावन्नच्या खाली हा आकडा सहसा जातच नाही, सगळे तंतू गेले तरी. रक्तवाहिन्या आणि आधाराचा पेशीजाल उरतो, यंत्र त्याचीच जाडी मोजत बसतं. म्हणजे यापुढे त्या डोळ्याबद्दल ओसीटीला फारसं काही सांगता येणार नाही, फील्ड टेस्टवर लक्ष ठेवावं लागेल. उजवा ९१वर आहे, रोज रात्री नऊला थेंब पडतात. अलार्म माझ्या फोनवर आहे. मी नाशिकरोडला फोन करतो, आई “टाकले, टाकले” म्हणते, आणि मागून अण्णांचा आवाज येतो, “उजव्याचा आकडा मागच्या वेळी किती होता रे?”

मी त्यांना वही करून दिली आहे. तारीख, यंत्र, सिग्नल, उजवा, डावा. रंगाचा रकाना त्यात ठेवलेला नाही. शेवटच्या पानावर माझाही डावा डोळा लिहिलाय : ८४. पुढची तारीख मार्चमधली.